नो सॉलिसिटिंगची पाटी, चार महिने वापरून: पाटीला ३ स्टार, सिटीच्या नियमाला ४, टेपला भोपळा

आधी वस्तू सांगते, मग रामायण. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पाटी, काळ्यावर पांढरी अक्षरं, "नो सॉलिसिटिंग", म्हणजे काही विकायला दाराशी येऊ नका, खाली बारीक टायपात "प्लीज डू नॉट नॉक ऑर रिंग". मागे डबल टेप लावूनच येते. ऑनलाइन ११ डॉलरला घेतली, दोन दिवसांत आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावली, आता सप्टेंबर संपत आलाय. आम्ही ओहायोत राहतो, साधं सबर्ब, गेट नाही, वॉचमन नाही, रस्त्याने जाणारा कोणीही उठून सरळ दाराशी येऊन उभा राहतो.

घेण्याआधी मी या पाट्यांचे ढीगभर रिव्ह्यू वाचले. सगळे आपले अक्षर ठळक आहे, रंग उडत नाही, दाराला शोभून दिसते. अरे पण लोक यायचे थांबले का? ते कोणी लिहीतच नाही. आता कळतंय का लिहीत नाहीत ते, कारण ते पाटीवर नसतंच, तुमच्या सिटीने नियमात काय लिहून ठेवलंय त्यावर असतं. हीच ११ डॉलरची पाटी एका सिटीत कायद्याचं काम करते आणि हद्द ओलांडून शेजारच्या सिटीत गेलात की नुसती शोभेची. त्यामुळे हा रिव्ह्यू अर्धा पाटीचा, अर्धा नियमाचा आणि थोडा माझ्या आईचा, कारण सगळं सुरू तिच्यापासून झालं.

आई मेमधे सहा महिन्यांसाठी आली. इथे उन्हाळा लागला की दारोदार फिरणाऱ्यांचा सीझन चालू होतो, कॉलेजच्या सुट्टीतली पोरं असतात बरीचशी. पेस्ट कंट्रोल, सोलर, अलार्म, आणि एकदा का गारा पडल्या की छप्परवाले. आम्ही दोघं इतकी वर्षं काय करायचो, बेल वाजली की टीव्हीचा आवाज बारीक करून गप्प बसायचो, झालं. आईला हे कसं जमणार. बेल वाजलीय आणि घरात माणसं असून दार उघडायचं नाही हा प्रकार तिला वेडेपणाच नाही तर चक्क अपमान वाटतो.

एका गुरुवारी संध्याकाळी मी वर मीटिंगमधे होते. बेल वाजली, आई गेली. डोअरबेल कॅमेऱ्यात नंतर पाहिलं, पोरगा बेल वाजवून दोन पावलं मागे सरकतो आणि जरा तिरका, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो, जणू आता निघालाच होता. हे त्यांना शिकवलेलं असतं म्हणे, दार उघडणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून. दार उघडल्यावर बोलता बोलता पायपुसण्यावर बूट घासायला लागला. हेही शिकवलेलंच, बूट पुसणाऱ्याला आत या म्हणायचा मोह होतो. आईला तर मोहाचीही गरज नव्हती, ती आधीच दारातून बाजूला झाली होती.

मी खाली आले तर तो सोफ्यावर, समोर आल्याचा चहा आणि टॅबलेटवर आमच्या घराचा वरून काढलेला सॅटेलाइट फोटो. आई मला म्हणते, "अगं उन्हातान्हाचा फिरतोय पोर, कॉलेजात शिकतो, फी भरायचीय त्याला." लक्षात घ्या, ही तीच बाई आहे जी भांडेवालीकडून दोन जुन्या साड्यांवर एक पातेलं घेताना तासभर घासाघीस करायची आणि वर एक वाटी मागायची! पण इंग्लिश बोलणारा घामाघूम पोरगा दिसला आणि सगळी तलवार म्यान.

तेवढ्यात नवरा ऑफिसमधून आला, त्याला पोराने गॅरेजच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं दाखवलं, शेजारच्या दोन्ही घरांचं काम आम्हीच करतोय म्हणाला, उद्या गाडी याच गल्लीत आहे म्हणून पहिल्या फेरीला सूट, आणि नवऱ्याने बोटाने टॅबलेटवर सही केली. पहिली फेरी ९९, मग वर्षभर महिन्याला ४९, सगळं मिळून सहाशेच्या वर. रात्री जेवताना भात कालवता कालवता म्हणतो, पण आपल्याकडे किडे आहेत कुठे?

आता इथे एक गोष्ट जी प्रत्येकाला माहीत पाहिजे आणि मला स्वतःला त्या रात्री अकरा वाजता कळली. फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांचं हित बघणारी इथली केंद्र सरकारची संस्था, तिचा कूलिंग ऑफ नियम आहे, १९७४ पासून लागू. विकणारा तुमच्या घरी आला आणि खरेदी २५ डॉलर किंवा त्याच्या वर असली तर तिसऱ्या बिझनेस डेच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही ती रद्द करू शकता, कारण द्यायची गरज नाही. गंमत म्हणजे यात शनिवार बिझनेस डे धरतात, फक्त रविवार आणि फेडरल सुट्ट्या वगळतात, म्हणजे आमची गुरुवारची सही तर शुक्र, शनि, सोम, सोमवारी मध्यरात्री बारा वाजता खेळ खल्लास. विकणाऱ्याने हे तोंडी सांगायचं असतं, आणि कॅन्सल करायच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात, एक पाठवायला आणि एक आपल्याकडे ठेवायला. आमच्या पोराने चहा प्यायला, सांगितलं काहीच नाही, आणि फॉर्मच्या नावाने ईमेलमधे बारा पानांची पीडीएफ. (सगळ्याच विक्रीला हा नियम नाही बरं का, इन्शुरन्स, घर-जमीन, शेअर्स यात नाहीत, आणि घरात पाणी भरलंय म्हणून तुम्हीच तातडीने कोणाला बोलावलंत तर तेही नाही.)

शनिवारी सकाळी पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पत्र टाकलं, ईमेलही केला. सोमवारी कंपनीला फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणते कॅन्सलेशन फी लागेल. मी म्हटलं कूलिंग ऑफ रूल, पत्राचा ट्रॅकिंग नंबर देऊ का? दोन मिनिटं होल्डवर गाणं ऐकवलं आणि मग झालं रद्द, फी नाही. पैसे दहा बिझनेस डेजमधे परत द्यायचे असतात, नवव्या दिवशी आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्या एका माळेच्या मणी असतात.

त्या आठवड्यात पाटी मागवली. आईने ती हातात घेऊन वाचली, चष्मा लावून परत वाचली आणि म्हणाली, "वकील येऊ नयेत म्हणून लावायची का ही?" हसू नका, तिचं चूक नाही, आपल्याकडे सॉलिसिटर म्हणजे काळ्या कोटातला माणूस, दिल्लीत तर अख्खा सॉलिसिटर जनरल बसलाय. इथे सॉलिसिटर म्हणजे दाराशी येऊन काहीतरी गळ्यात मारणारा. नवरा म्हणाला फरक फार नाहीये.

टेपबद्दल एकदाच लिहिते आणि संपवते. आमच्या दाराच्या बाजूला विटा आहेत, विटांवर ही टेप तीन दिवस टिकली. परत चिकटवली, पावसात गळली. तिसऱ्यांदा पाटी झुडपात सापडली आणि त्या आठवड्यात दोन सोलरवाले येऊन गेले, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत झुडपात कायदा पडलाय. शेवटी बाहेर वापरायची जाड टेप वेगळी आणून दाराच्या लाकडी चौकटीवर, बेलच्या बरोबर खाली लावली, ती आजपर्यंत हललेली नाही. बेलच्या खालीच का, ते पुढे येतंय.

पाटी लावल्यावरही लोक येतच होते म्हणून एका रविवारी बसून मी सिटीचा कोड, म्हणजे गावच्या नियमांचं पुस्तक, वाचला. हे वाटतं तेवढं अवघड नाहीये, सिटीच्या वेबसाइटवर कोड असतो, सर्चमधे पेडलर टाकलं की सापडतो, आमच्याकडे तीन-चार पानांचं प्रकरण आहे आणि त्याला मी मनापासून ४ स्टार देते कारण वाचून कळतं. आधी व्याख्या. पेडलर म्हणजे माल बरोबर घेऊन फिरणारा, पैसे दिले की वस्तू हातात, आपला फेरीवाला. सॉलिसिटर म्हणजे ऑर्डर घेणारा, माल किंवा काम नंतर, म्हणजे आमचा चहा पिऊन गेलेला पोरगा. आणि कॅनव्हासर म्हणजे जो काही विकत नाही, मत मागतो, सही मागतो, धर्माबद्दल बोलतो. पहिल्या दोघांना परमिट लागतं, पोलिस खातं पार्श्वभूमी तपासून देतं, फोटोचा बिल्ला छातीवर दिसेल असा लावायचा, सकाळी ९ च्या आधी आणि अंधार पडल्यावर फिरायचं नाही. तिसऱ्याला यातलं काही नाही.

आणि मग एक कलम ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. जिथे नो सॉलिसिटिंगची पाटी दाराशी स्पष्ट दिसेल अशी लावलीय तिथे परमिटवाल्यानेसुद्धा बेल वाजवणं हाच नियमभंग. तुम्ही दार उघडून नाही म्हणायचीही गरज नाही, पाटीनेच नाही म्हटलंय. आमच्याकडे तो मायनर मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा आहे, ओहायोत त्याला जास्तीत जास्त १५० डॉलर दंड होतो. माझी एक मैत्रीण पाच मैलांवर दुसऱ्या सिटीत राहते, तिच्याकडे परमिट आहे, बिल्ला आहे, वेळ आहे, पण पाटीचं हे कलमच नाही. तिने माझ्यासारखीच पाटी लावली, उपयोग शून्य, येणारा म्हणतो सुंदर पाटी आहे आणि चालू होतो. काही सिट्यांमधे तर पाटीही नको, डू नॉट नॉकची यादी असते, पत्ता नोंदवायचा, परमिट देताना ती यादी विक्रेत्याच्या हातात ठेवतात. आमच्याकडे ती नाही, एक स्टार तिथे कापला.

मला प्रश्न पडला की एवढं सगळं लिहिण्यापेक्षा सरळ बंदीच का नाही घालत. तर घातली होती. १९३१ साली वायोमिंगमधे ग्रीन रिव्हर नावाचं रेल्वेचं गाव, बरीच माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपणारी, आणि दिवसभर दारावर टकटक. गावाने नियम केला की घरच्यांनी बोलावल्याशिवाय विक्रेता दाराशी आला तर तो उपद्रव, म्हणजे गुन्हा. दारोदार ब्रश विकणारी फुलर ब्रश कंपनी कोर्टात गेली आणि १९३३ मधे हरली. मग गावोगाव तसेच नियम झाले, आजही अशा नियमाला ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स म्हणतात. १९५१ मधे लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया गावची तशीच केस थेट सुप्रीम कोर्टात गेली, मासिकांच्या वर्गण्या गोळा करणारा एक जण होता, तोही हरला.

म्हणजे विक्रेत्याला अडवता येतं. मग बाकीच्यांना का नाही, तर त्याचं उत्तर माझ्या दाराशी एका शनिवारी सकाळी येऊन उभं राहिलं.

दोन बायका, एक साठीच्या, एक पंचविशीची, दोघींचे कपडे इस्त्रीचे. पाटी वाचली, कॅमेऱ्यात दिसतंय वाचताना, तरी बेल वाजवली. मी दार उघडून पाटीकडे बोट दाखवलं तर थोरल्या बाई हसून म्हणाल्या आम्ही काही विकत नाही हो. जेहोवाज विटनेस, दारोदार फिरून धर्मप्रचार करणारा ख्रिस्ती पंथ. मी दार लावणार तेवढ्यात मागून आई आली, तिने नमस्कार केला, धाकटीने विचारलं घरी कुठली भाषा बोलता, मी नाइलाजाने म्हटलं मराठी, आणि त्या मुलीने फोनवर टकटक केलं आणि पान उघडून आईपुढे धरलं. शुद्ध मराठीत. देवनागरीत! ओहायोत, आमच्या पायरीवर. आईने तिथेच उभ्या उभ्या अख्खा परिच्छेद मोठ्याने वाचला आणि त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली. दोघींना इतका आनंद झाला की विचारू नका. त्या दर तीन आठवड्यांनी यायला लागल्या, आईने धर्म काही बदललेला नाही, पण धाकटीला नमस्कार आणि बरं आहे का एवढं म्हणता येतं आता.

मी चिडून कोडमधे शोधायला गेले की यांना कसं थांबवायचं, आणि सापडलं असं की या विषयातला अर्धा कायदा यांनीच कोर्टात भांडून तयार केलाय. १९३८, १९४०, १९४३, सुप्रीम कोर्टात जेहोवाज विटनेसच्या केसेसची रांग आहे. त्यातली १९४३ ची आमच्या ओहायोतलीच, स्ट्रदर्स नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव. तिथेही रात्रपाळीवाले झोपतात म्हणूनच नियम होता, पत्रकं वाटायला कोणी कोणाच्या दाराची बेल वाजवायचीच नाही, आणि बेल वाजवणाऱ्या बाईला १० डॉलर दंड झाला होता. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने नियम उडवला. म्हणणं साधारण असं की कोणाला दाराशी येऊ द्यायचं हे घरमालकाने ठरवावं, गावाने सगळ्यांच्या वतीने ठरवू नये. मला हे वाचून पटलं, चिडलेली असूनही. माझ्या आईला ज्या बायका हव्यात त्या मला नकोत म्हणून सिटीने आमच्या दोघींच्या वतीने दार कशाला लावावं?

दुसरी केस २००२ ची, तीही ओहायोतलीच, स्ट्रॅटन नावाचं खेडं, वस्ती २७८. एवढ्याशा गावाने नियम केला की दारोदार फिरायचं तर धर्माचं असो की राजकारणाचं, मेयरच्या ऑफिसातून परमिट घ्या. सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने तो नियम मोडीत काढला, शेजाऱ्याशी बोलायला सरकारची चिठ्ठी कशाला लागते म्हणून. पण त्याच निकालात पाटीचा मान राखलाय, घरावर नो सॉलिसिटेशनची पाटी लावता येते आणि नको त्या माणसाशी न बोलायचा हक्क तर आहेच, नको असलेल्याला तेवढं संरक्षण पुरेसं आहे असं कोर्ट म्हणालं. म्हणजे बघा, चिडून ११ डॉलरला घेतलेल्या वस्तूमागे सुप्रीम कोर्ट उभं आहे, टेपमागे मात्र कोणी नाही.

त्या स्ट्रॅटनच्या नियमात एक फॉर्म होता तो मला फार आवडला. घरमालकाने भरायचा, कोणी आलेलं चालेल त्यावर खुणा करायच्या. एकोणीस प्रकार. स्काउटची मुलं, जेहोवाज विटनेस, निवडणुकीचे उमेदवार, ब्यूटी प्रॉडक्ट विकणारे, ख्रिसमसची गाणी म्हणणारे, पेपरवाले, पार्सलवाले, हॅलोविनला सोंगं घेऊन चॉकलेट मागायला येणारी मुलं, अगदी पोलिसही. मला असा फॉर्म मिळाला असता तर पाटी घेतलीच नसती. पाटीचा मोठा दोष हाच, तिच्याकडे दोनच उत्तरं आहेत, लावली किंवा काढली.

आता पाटी खरोखर कामाला आली तो प्रसंग. ऑगस्टमधला. ओहायोत वीज आणि गॅस कोणाकडून घ्यायचा ते आपल्याला निवडता येतं, त्यामुळे सप्लायर कंपन्यांची माणसं दारोदार फिरतात, आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मी काही विकायला आलेलो नाही, तुम्हाला डिस्काउंट लागलाय का तेवढं बघायचंय, जरा बिल आणता का. बिल कधीही दाखवू नका. त्यावर अकाउंट नंबर असतो आणि सप्लायर बदलायला तो लागतो. आमच्याकडे आलेला माणूस असाच, गळ्यात आयडी, पण त्यावर बोट ठेवून उभा. आई बिल आणायला आत वळली होती, खरंच वळली होती, फाइल कुठे असते तेही तिला माहितीय.

मी बाहेर आले, पाटी दाखवली. म्हणाला ती सॉलिसिटरसाठी आहे, मी सॉलिसिट करत नाहीये. मी म्हटलं सिटीचा बिल्ला दाखवा. म्हणे गाडीत आहे. गाडी? पुढच्या गल्लीत. बरं मग घेऊन या, मी इथेच आहे. तो गेला आणि मी पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन केला (९११ नाही हां, यासाठी ९११ करू नका). वीसेक मिनिटांत एक ऑफिसर आला, तोवर तो माणूस गायब. ऑफिसरने तीन गोष्टी विचारल्या, किती वाजता आला, आयडीवर काय लिहिलं होतं, आणि पाटी कुठे होती. मग त्याने मोबाइल काढून पाटीचा फोटो घेतला, बेल आणि पाटी एका फ्रेममधे येईल असा. म्हणाला बरं केलंत इथे लावली, लोक खिडकीत लावतात, लॉनवर खोचतात, आणि समोरचा म्हणतो मला दिसलीच नाही. बेल दाबणारं बोट जिथे जातं तिथे पाटी असेल तर न दिसायला जागाच नाही. पुढे दंड झाला का काय ते मला कोणी कळवलं नाही, पण त्या कंपनीचं कोणी परत आलेलं नाही. समजा बिल दाखवून बसलात आणि सप्लायर बदलला गेलाच, तर विजेच्या कंपनीकडून तसं पत्र येतं, ७ दिवसांत त्यांना कळवलं की बदल रद्द होतो. ते पत्र जाहिरात समजून फेकू नका.

आईने इकडे येताना आणलेलं कालनिर्णय फ्रीजवर लावलंय, त्यावर ती चौकोनात तिथीच्या खाली बारीक अक्षरात नोंद करते, कोण आलं. मेच्या पानावर गर्दी आहे, किडे, सोलर, किडे, अलार्म, छप्पर, किडे. पाटी नीट टिकली तेव्हापासून म्हणजे जुलैपासून पानं बरीच रिकामी झालीत, विकणारे मोजून तीन, बाकी त्या दोघी, आणि आता निवडणुका जवळ आल्यात तर प्रचारवाले. प्रचारवाल्यांना पाटी लागू नाही हे आता पाठ झालंय, आणि त्यांना संध्याकाळी उशिरा येऊ नका असंही सिटीला मनमानी करून सांगता येत नाही, डेटनजवळच्या एंगलवूड सिटीने संध्याकाळी ६ ची मुदत घातली होती तर २०१२ मधे फेडरल अपील कोर्टाने ती उडवली. जाहिरातीचे कागद दाराच्या मुठीला अडकवून जातात ते पाटीने थांबत नाहीत. आमच्या मेलबॉक्समधे का टाकत नाहीत असं आईने विचारलं, तर पोस्टाचं तिकीट नसलेला कागद मेलबॉक्समधे टाकणं हा फेडरल गुन्हा आहे, म्हणून मूठ.

एक वाईट वाटलेली गोष्ट. दोन आठवड्यांपूर्वी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा स्काउटच्या निळ्या शर्टात पॉपकॉर्नची ऑर्डर घ्यायला फिरत होता, त्याचा बाबा फुटपाथवर उभा. मुलगा पायऱ्या चढून आला, पाटीसमोर थांबला, ओठ हलवत वाचली, आणि बेल न वाजवता परत उतरला. मी खिडकीतून बघत होते. अनवाणी धावत गेले मागे. दोन डबे घेतले, महागडे आणि चवीला यथातथा. बाबा म्हणाला आम्ही त्याला सांगितलंय पाटी असेल तिथे जायचं नाही. शहाण्यासारखं वागणारा एवढाच एक निघाला सगळ्या उन्हाळ्यात. बिल मागणारा बाप्या मात्र माझ्याशी सॉलिसिट या शब्दाच्या अर्थावर वाद घालत होता.

तर ३ स्टार. घ्या, पण आधी आपल्या सिटीचा कोड उघडून पाटीचं कलम आहे का बघा, नसेल तर ११ डॉलर वाचवा आणि कौन्सिलच्या मीटिंगमधे जाऊन तीन मिनिटं बोला, तिथे बोलायला परमिट लागत नाही. असेल तर विनोदी पाटी घेऊ नका, ती "आमच्याकडे मोठा कुत्रा आणि त्याहून मोठी सासू" टाइपची, कोडमधे शब्द दिलेले असतात ते तसेच्या तसे असलेली घ्या. बेलच्या खाली लावा. टेप वेगळी घ्या.

अपडेट, १ नोव्हेंबर: काल हॅलोविन. आईने दारात खुर्ची टाकली, मांडीवर चॉकलेटचा टोप, येणाऱ्या प्रत्येकाला दोन-दोन. साडेसहाच्या सुमारास एक डायनोसॉर आला, चार-पाच वर्षांचा, शेपटी ओढत. पाटीपाशी थांबला, एकेक अक्षर लावून वाचायला लागला आणि मागे वळून बाबाला विचारलं, आपण सॉलिसिटिंग करतोय का? बाबाला उत्तर सुचेना. मलाही सुचेना. आईने काय ओळखलं देव जाणे, खुर्चीवरून उठली, फ्रीजवरचं ऑक्टोबरचं पान फाडून आणलं आणि पाटीवर चिकटवलं, उलट्या बाजूने, राशिभविष्य बाहेर.